मावशी खाली बसते आणि उठते

माझ्या मावशीला आमच्या कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. बाई आहे म्हणून मास्तरीण वगैरे नाही, सरळ मास्तर. कापड कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी भाची म्हणून सांगत नाहीये. भाची म्हणून सांगायचं तर ती हट्टी आहे, खवट आहे आणि मी शिवलेल्या प्रत्येक शिवणीला नाक मुरडते. बारा वर्षं मी तिच्या हाताखाली मशीनवर बसतेय आणि बारा वर्षांत तिने मला एकदा ‘बरं आहे’ म्हटलंय. त्या दिवशी तिला ताप होता.

आम्ही पडदे शिवतो. घराच्या खिडक्यांचे नव्हेत, नाट्यगृहांचे. एकेक पट्टा दोन मजले उंच. असलं कापड कुठल्या टेबलावर मावणार, कप्पाळ? म्हणून कारखान्याचा वरचा अख्खा मजला मोकळा ठेवलाय. गुळगुळीत लाकडी जमीन, चपला जिन्यापाशी काढायच्या. कापड उलटं अंथरायचं, म्हणजे चांगली बाजू खाली, आणि मास्तरने त्यावर गुडघे टेकून, खडूने आखत, कात्री चालवत सरकत जायचं. पस्तीस वर्षं मावशी त्या जमिनीवर आहे. डावा गुडघा टेकलेला, उजवा पाय पुढे रोवलेला, उजव्या हातात कात्री. उभ्याने फक्त झाडं कापतात, असं तिचं ठाम मत आहे.

या उलट्या कापडाने तिच्या डोक्यात एक घोळ करून ठेवलाय. कापड पालथं असलं की पडद्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. पस्तीस वर्षं रोज हे केल्यावर उजवं म्हटलं की मावशीचा हात आपोआप डावीकडे जातो. रस्त्यात कुणी उजवीकडे वळा म्हणालं की ती बिनदिक्कत डावीकडे वळते, चुकते, आणि वर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढते.

तर एका दुपारी मी दोरा शोधायला वर गेले आणि बघते तर मावशी करड्या कापडाच्या मधोमध रांगत्या बाळासारखी दोन हात, दोन गुडघे टेकून. म्हटलं, काय गं? म्हणाली, वीण बघतेय. मी खाली गेले, चहा प्याले, अर्ध्या तासाने परत वर आले. वीण बघणं चालूच. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली की जरा हात दे. मी एका बाजूने, इस्त्रीवाल्या बाई दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही तिला कपाट हलवावं तसं उभं करत होतो, तेवढ्यात जिन्यावरून धाकट्या बाई वर आल्या.

धाकट्या बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांच्या आई, थोरल्या बाई, थकल्यावर कारखाना यांच्याकडे आला. बाई काही वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. वाईट असत्या तर मनसोक्त भांडता आलं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की तीन महिन्यांनी नव्या नाट्यगृहाचा मुख्य पडदा कापायला घ्यायचाय. गडद लाल मखमल, बारा पट्टे, आणि रंगमंचाची जमीन मधोमध किंचित उंच असल्याने प्रत्येक पट्टा खालून तिरका. मास्तरना तो जमिनीवर बसून कापता आला तर उत्तमच. नाहीतर बाहेरून कटर आणावा लागेल, आणि मास्तरनी खाली नमुन्यांच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांना कापडाचे तुकडे दाखवावेत.

मावशी आणि गिऱ्हाईक! एकदा एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली होती की तुमची आवड बघता रंगमंच उघडाच ठेवलेला बरा. ते गृहस्थ पुन्हा आमच्या रस्त्यालाही फिरकले नाहीत.

घरी जाताना बसमध्ये दोन थांबे गेले. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "त्या टेबलावर बसण्यापेक्षा मी मेलेली बरी." ओरडून नाही, रडून नाही. भाव काय आहे भाजीचा, असं विचारावं तशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे वाकवून, वळवून, ठोकून बघितले आणि सांगितलं की मोडलंबिडलं काही नाही. मांड्यांत जोर उरलेला नाही, कंबर आखडलीय, आणि एका बाजूवर भार जास्त पडतोय. योग सुरू करा. मी विचारलं, कुठला? ते म्हणाले कुठलाही चालेल, पण सुरुवात हळू करा आणि शिकवणाऱ्याला दुखणं आधी सांगा. मावशीने यातलं फक्त ‘कुठलाही’ ऐकलं. आणि मलाही बरोबर यायला लावलं. एकटी गेले तर वेडी दिसेन म्हणाली, दोघी असलो की शिकायला आलोय असं वाटेल.

पहिला क्लास आम्ही निवडला तो घराजवळ होता म्हणून. भिंतभर आरसा, गाणी चालू, आणि जिकडेतिकडे अंगाला घट्ट चिकटलेले कपडे. या प्रकाराला विन्यास म्हणतात. एका श्वासात वर, दुसऱ्या श्वासात खाली, एकातून दुसरं आसन, दुसऱ्यातून तिसरं, थांबायचं नाव नाही. आम्ही खाली पोचेपर्यंत सगळे वर, आम्ही वर येईपर्यंत सगळे आडवे. बाई म्हणाल्या उजवा हात लांब, की सगळा वर्ग एकीकडे आणि मावशी दुसरीकडे. शेजारच्या माणसाच्या नाकाला तिचं नाक लागलं. तो दंतवैद्य होता हे नंतर कळलं. मावशीने तेवढ्या जवळून त्याच्या शर्टाची खांद्याची शिवण बघितली आणि पिळलीय म्हणून त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. बिचारा पुढचा अर्धा तास स्वतःच्या खांद्याकडे बघत होता.

खरं सांगायचं तर प्रकार वाईट नाही. दम वाढतो, घाम निघतो, श्वास आणि हालचाल एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात, आणि डोक्यातली कटकट बंद होते, कारण कटकट करायला वेळच नसतो. माझं डोकं तर इतकं रिकामं झालं की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून घरी आले. पण शिकवणाऱ्या बाईच म्हणाल्या की आधी कुठेतरी एकेक आसन सुटं सुटं शिका, मग इथे या. म्हणजे मुळाक्षरं न शिकता आम्ही निबंध लिहायला बसलो होतो.

दुसरा क्लास मावशीने स्वतः शोधला, आणि कशावरून, तर वाफेवरून. आमच्याकडे आखडलेल्या कापडाला वाफ दिली की ते मऊ पडतं. मग अंग का नाही पडणार? तर ही खोली मुद्दाम तापवलेली. आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. तशात सव्वीस आसनं करायची. शिकवणाऱ्याने सुरुवातीलाच बजावलं की उष्णतेने स्नायू सैल होतात हे खरं, पण नवख्या माणसाला त्यामुळे आपण आहोत त्याहून लवचीक वाटायला लागतो, मग तो जास्त ताणतो आणि दुसऱ्या दिवशी बोंबलतो. पाणी पीत राहा, चक्कर आली तर खाली बसा. खाली बसा! ज्या बाईला खाली बसल्यावर उठता येत नाही तिला हे सांगत होता.

मी अकराव्या मिनिटाला बाहेर पायरीवर येऊन बसले. मावशी शेवटपर्यंत टिकली, निव्वळ हट्टाने. बाहेर आली ती लालेलाल, केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "मी दोन बोटं आटलेय." मग आम्ही दोघी त्या पायरीवर इतक्या हसलो की आतला शिकवणारा दार उघडून बघून गेला. पण गुडघे होते तिथेच होते.

तिसरा क्लास अगदी उलटा. मंद दिवे, मऊ गाद्या, प्रत्येकाला एक लोड, आणि एकेका आसनात पाच पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं. याला यिन म्हणतात. स्नायूंना जोर द्यायचा नाही, अंग आपल्या वजनाने सैल होऊ द्यायचं. सांध्यांच्या आसपासचा ताठरपणा हळूहळू सुटतो, झोप चांगली लागते, आणि माझ्यासारख्या तडकू माणसाला तर हे औषधच. मी अजून दर शनिवारी जाते आणि निम्म्या वेळा घोरते.

मावशीचं काय झालं? तिसऱ्या मिनिटाला तिच्या हाताखालच्या लोडाची शिवण तिला वाकडी लागली. सगळे डोळे मिटून श्वास मोजताहेत आणि हिने कॉलरला टोचलेली सुई काढून शिवण उसवायला घेतली. नीट करून देणार होती म्हणे. मध्येच लोड फुटला आणि खोलीभर कापूस. शांतता म्हणून जे काही होतं ते तिथेच संपलं. बाईंनी काही म्हटलं नाही, पण मलाच इतकी लाज वाटली की मी पुढच्या आठवड्यात मावशीला घेऊन गेले आणि तिने तिथले अकरा लोड नव्याने शिवून दिले. त्यातल्या एकालाही तिने ‘बरा आहे’ म्हटलं नाही.

असे सात आठवडे गेले. हसणं पुष्कळ झालं, पण गुडघ्याचं काय? एका रविवारी मी तिच्याकडे गेले तर दार उघडंच आणि मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला पाठ लावून. शेजारी चहाचा रिकामा कप. मी विचारलं कधीपासून? म्हणाली, कप गरम होता तेव्हापासून. मी तिच्यावर खेकसले. एकटी असताना कशाला प्रयोग करतेस, फोन का नाही केलास, अक्कल गहाण टाकलीस का. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "जमीन गेली की माझ्याकडे दुसरं काय आहे गं?" मी तिच्या शेजारी खाली बसले, आणि मग दोघींना उठवायला वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारावी लागली, कारण माझाही पाय झोपला होता.

त्या काकूंनीच पोस्टमनकाकांचं नाव काढलं. निवृत्त पोस्टमन. वाचनालयाच्या माडीवर सकाळी क्लास घेतात. गेलो तर तिथे आरसा नाही, गाणी नाहीत. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, लाकडी विटा, कापडी पट्टे, आणि पन्नाशी-साठीची दहाबारा माणसं. साधा हठयोग, ते म्हणाले. एकेक आसन सावकाश, जिथे हात पोचत नाही तिथे वीट घ्यायची, पाय धरता येत नाही तिथे पट्टा, आणि तोल जातो तिथे भिंत. कुणाची बरोबरी करायची नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी हे आम्हाला सात आठवडे, एक दंतवैद्य आणि अकरा लोड झाल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं नुसतं ताठ उभं राहायला शिकवलं. मावशीचा पारा चढला. उभं राहायला मी लहानपणीच शिकलेय म्हणाली. पोस्टमनकाका म्हणाले, हो, पण तेव्हा दोन्ही पायांवर शिकला होतात. मग तिने खाली बघितलं. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता शोभेला. काकांना ते आल्या आल्या दिसलं होतं. तीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी वाहिलेला माणूस, त्याला एका बाजूला कललेलं अंग लांबून ओळखू येतं.

मग रोज खुर्चीवर बसणं आणि हात न टेकता उठणं, दहा वेळा. मग खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल. मग स्टुलाऐवजी विटा. कंटाळवाणं म्हणजे किती, पण तिसऱ्या आठवड्यात मावशीच्या मांड्या थरथरायच्या बंद झाल्या आणि ती जिना कठडा न धरता चढली. उलट्या हालचाली मात्र इथेही चालूच. काका म्हणायचे उजवा, ही करायची डावा. त्यांनी एकदा कारण विचारलं, तिने कापड पालथं घालायची गोष्ट सांगितली, सगळा वर्ग हसला. काका हसले नाहीत. नुसते बघत राहिले.

आणि एका गुरुवारी त्यांनी सांगितलं, डावा गुडघा खाली, उजवा पाय पुढे रोवा, आणि श्वास सोडत उभे राहा. वर्गाने तसं केलं. मावशीने नेहमीप्रमाणे उलट केलं. उजवा गुडघा खाली, डावा पाय पुढे. आणि ती उठली. ना हात, ना वीट, ना खुर्ची. सरळ उभी. उभी राहिल्यावर तिने आधी मागे वळून बघितलं, कुणी ढकललं म्हणून. मग पुन्हा खाली बसली, पुन्हा उठली. काका म्हणाले, मास्तर, पस्तीस वर्षं तुम्हाला एकटा उजवा पाय वर ओढत होता, तो थकलाय. डावा पाय इतकी वर्षं रजेवर होता, त्याला कामाला लावा. मावशी ऐकायच्या मनःस्थितीत होती कुठे? तिचं बसणं आणि उठणं चालूच होतं. नऊ वेळा मोजलं मी, पुढे मला दिसेना, कारण माझे डोळे भरून आले होते.

घरी जाताना तिने कहर केला. वाचनालयाच्या पायरीपाशी बसली, उठली. चपलांच्या दुकानासमोर बसली, उठली. बसथांब्यावर बसली तर एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? मावशी म्हणाली, हो, सापडलं. मी म्हटलं पुरे आता, लोक बघताहेत. ती म्हणाली बघू देत, आणि मला हाताला धरून तिथेच दोन गिरक्या घेतल्या. एकसष्ट वर्षांची बाई! बस आली आणि गेली, आम्हाला पत्ता नाही.

मखमल आली तेव्हा बाईंनी सांगितलेले तीन महिने भरायला चार दिवस होते. मखमलीचं एक आहे. तिला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊसूत, उलट दिशेने फिरवला तर हाताला अडते. पडद्याला लव खाली जाणारी ठेवायची, म्हणजे धूळ बसत नाही. आणि सगळे पट्टे एकाच दिशेचे हवेत, नाहीतर उजेडात एक पट्टा फिका आणि एक गडद दिसतो. मावशी नेहमी पडद्याच्या वरच्या टोकाकडून सुरुवात करते. बसली की पहिलं काम, त्या टोकाला खडूने बाण काढायचा, इकडे वर. हात आपोआप काढतो, डोकं लागत नाही.

त्या सकाळी सगळे वर जमले. इस्त्रीवाल्या बाई, मशीनवरच्या आम्ही चौघी, आणि जिन्याच्या तोंडाशी धाकट्या बाई. मावशी नव्या पद्धतीने बसली, उजवा गुडघा खाली, डावा पाय पुढे. लोण्यात सुरी जावी तशी गेली खाली. पण डावा गुडघा वर आला की तो हाताला अडतो, म्हणून कापड उजव्या अंगाला घ्यावं लागतं, म्हणून तिने सुरुवात समोरच्या, म्हणजे पडद्याच्या खालच्या टोकाकडून केली. बाण काढला, आखलं, कापलं, शेवटची तिरकी कड कापली, आणि उठली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईसुद्धा हसल्या. मी आणि इस्त्रीवाल्या बाईंनी पट्टा उलटून सरळ केला आणि मी प्रेमाने वरून खाली हात फिरवला.

हात अडला.

मावशीने माझं तोंड बघितलं आणि ओणवी होऊन स्वतः हात फिरवला. टोक बदललं होतं, पण बाण सवयीने सुरुवातीलाच काढला गेला होता. लव खालून वर. नुसता चौकोनी पट्टा असता तर फिरवून लावला असता. पण खालची बाजू तिरकी कापलेली, आता तो कुठे फिरवणार? जास्तीचं कापड नाही. नवीन मागवलं तर रंग जुळेलच असं नाही, आणि उद्‌घाटनाची तारीख तर छापून झालेली. मी तिच्या कानात कुजबुजले की गप्प राहा, कापडच तसं आलं म्हणू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा लहान झाल्यासारखं वाटलं.

"बाई, पहिला पट्टा मी उलटा कापलाय. लव वर गेली. चूक माझी."

धाकट्या बाई जिन्यावरच बसल्या. मावशीच मग म्हणाली की दोन रस्ते आहेत. एक, नवं कापड मागवा आणि तारीख पुढे ढकला. दोन, उरलेले अकराही असेच कापू. लव वर असली की मखमलीचा रंग आणखी गडद दिसतो. धूळ जास्त बसेल, दर महिन्याला ब्रश मारावा लागेल. बाईंनी विचारलं, पूर्वी कधी असं केलंय? मावशी म्हणाली, नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. मग आम्ही तो पट्टा जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडला आणि बाई खालच्या मजल्यावर जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग त्या म्हणाल्या, कापा. एवढंच. टेबलाचं काय, मास्तरांचं काय, अवाक्षर नाही.

मावशीने दोन दिवसांत अकरा पट्टे कापले, प्रत्येकाला खाली बसली आणि उठली. आम्ही तीन आठवडे शिवत होतो. ती त्या दिवसांत कुणावर खेकसली नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पडदा चढवायच्या दिवशी नाट्यगृहात आम्ही दोघी रंगमंचाच्या कडेला उभ्या होतो. तिने माझा हात धरला होता. दिवे लागले. असा लाल मी जन्मात पाहिला नव्हता. जवळजवळ काळा, आणि तरी आतून पेटलेला. शिडीवर चढलेला दिवेवाला काम सोडून बघत राहिला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकट्या बाई उठल्या, पायऱ्या चढून वर आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना.

आमच्या कामात शेवटी एक गोष्ट राहते. पडद्याची खालची कड जमिनीपासून सगळीकडे सारखी दोन बोटं वर आहे ना, ते बघायचं. त्यासाठी रंगमंचावर पालथं पडून, गाल लाकडाला लावून, एका डोळ्याने कडेवरून नजर टाकावी लागते. हे कटरचं काम. ज्याने कापलं आणि जो पुढचं कापणार, त्याचं.

बाई म्हणाल्या, "मास्तर, कड बघताय ना?"

मावशीने माझा हात सोडला आणि ती खाली गेली. गाल टेकवला, डोळा मिटला. मध्ये एक सूतभर खाली आहे, म्हणाली. बाईंना पटेना, त्याही तिच्या शेजारी पालथ्या पडल्या. मग मला कसं राहवेल? मीही पडले. तिघी ओळीने, गाल लाकडाला लावून. खरंच सूतभर खाली होती. बाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यासाठी शाळेच्या सभागृहाचे निळे पडदे आलेत, चौदा पट्टे. मावशी म्हणाली, लव नसलेलं कापड असेल तर बरं. आणि मग कोण आधी हसलं मला माहीत नाही, पण दिवेवाल्याला शिडीवरून उतरून यावं लागलं इतक्या आम्ही हसलो.

मावशी कुशीवर वळली, उजवा गुडघा टेकला, डावा पाय पुढे रोवला आणि उठली. बाईंनी उठायचा प्रयत्न केला आणि त्या हातापायांवरच अडकल्या. हसून हसून माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आम्ही दोघी खालून वर बघत राहिलो. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, मागे तो अख्खा लाल पडदा.

"घाई नको," ती म्हणाली, "मी आहे इथे." आणि तिने खाली वाकून एक हात बाईंना दिला आणि एक मला.